वाऱ्याचं नाव पुढे करू नकोस

फोटो बघितले. मोबाइलवर चाळले नाहीत, मोठ्या स्क्रीनवर लावून एकेक बघितले. म्हणून हे लिहितोय, आणि गोड लिहिणार नाही.

उड्या मारणारा तो कोळी. पाठीवरचे केस लख्ख आलेत, मोजून घ्यावेत असे. आणि डोळे? डोळ्यांच्या जागी धुरकट डाग. या कोळ्याला आठ डोळे असतात, त्यांतले चार समोर, आणि मधले दोन इतके मोठे की साध्या नजरेलाही कळतात. माणूस जवळ आला की हा पळण्याआधी वळून बघतो. तो तुझ्याकडे बघत होता. तू कुठे बघत होतास?

"सर, वारा होता."

वारा होता! मागच्या वेळी ऊन होतं. त्याआधी लेन्स बरोबर नव्हती. त्याआधी शिफ्ट बदलली होती. अरे, एकदा तरी सांग ना, की सर, मी घाई केली. एवढं एकच कारण खरं आहे आणि तेवढंच तुझ्या तोंडून कधी निघालेलं नाही.

दुसऱ्या कुणी हे फोटो दाखवले असते तर "छान" म्हणून मोकळा झालो असतो. नवख्या पोराला काय बोलायचं? पण तू चाकणला क्वालिटीत काम करतोस. दिवसभर हातात मायक्रोमीटर. डायल गेजचा काटा दोन घरं सरकला तर लाइन थांबवायची धमक तुझ्यात आहे. पार्ट मोजायचा तर आधी पुसतोस, फिक्स्चरमध्ये बसवतोस, क्लॅम्प करतोस, मग मोजतोस. हलत्या पार्टवर कुणी गेज लावला तर त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढशील. आणि रविवारी तोच तू हलत्या पानावर, हलत्या हातांनी बटण दाबून धरतोस आणि म्हणतोस, एखादा तरी लागेल. एखादा तरी लागेल? हे वाक्य ऑडिटरसमोर बोलून दाखव.

आकडे तुला कळतात, म्हणून आकड्यांत सांगतो. १:१ म्हणजे किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटतो. फुलफ्रेम कॅमेऱ्यात, एफ/८ ला, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, तिथे पाऊण मिलिमीटरही धरू नकोस. तो कोळी डोक्यापासून ढुंगणापर्यंत साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे सगळा कोळी स्पष्ट येणारच नाही, हे कॅमेरा उचलायच्या आधीच ठरलेलं आहे. मग स्पष्ट काय यायला हवं, हे तू ठरवायचंस. तू ते ऑटोफोकसवर सोडलंस. ऑटोफोकसने पाठीवरचे केस पकडले. त्याची काय चूक? त्याला कोळी म्हणजे काय ते ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे ना?

आणि एफ/२२ वर नेण्याची शक्कल कुणाची? म्हणे पट्टा जाड होतो. होतो. पण १:१ ला नुसता एफ/१६ लावलास तरी तो प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो. प्रकाश दोन स्टॉपने पडतो, छिद्र बारीक झाल्यामुळे प्रकाशकिरण कडेला पसरतात आणि सगळाच फोटो मऊ होतो. एक डोळा धूसर होता, आता आठही धूसर. हे पुस्तकात वाचलेलं आहेस. मला तूच एकदा समजावून सांगितलं होतंस. मग बागेत गेल्यावर ते कुठे जातं?

वाऱ्याचं बोलू, कारण वारा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा मोशीच्या माळावर गवताचं पातं क्षणभर स्थिर राहत नाही. मान्य. पण दुपारी चारला जायला तुला कुणी सांगितलं? आणि गेलास तर डावा हात कशाला आहे? ती काडी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हलकेच धर. त्याच हाताच्या मुठीवर लेन्सचं तोंड टेकव. आता काडी हलली तर लेन्सही हलेल, दोघांमधलं अंतर बदलणार नाही. फोकसची रिंग सोडून दे, ती आधीच हव्या त्या प्रमाणावर लावून ठेव. मग अंग पुढे-मागे डोलव, केसभर पुढे, केसभर मागे, आणि डोळ्यात फ्लॅशची चमक टोकदार झाली की तेव्हाच एकदा दाब. एकदाच. श्वास सोडून झाल्यावर. हे तुला दाखवलं होतं, तुझ्या हातून करवून घेतलं होतं आणि तुला ते जमलंही होतं. त्या दिवशीचा तो टाचणी किड्याचा फोटो अजून माझ्याकडे आहे. म्हणून तर संताप येतो. हात आहे, डोळा आहे, डोकं आहे, आणि वापरायचा कंटाळा!

आता लेन्स. हप्त्यांवर नवी मॅक्रो लेन्स घ्यायचा विचार आहे म्हणे. घे. तुझे पैसे. पण घेण्याआधी एक उत्तर दे. तुझ्या कपाटात ५० मिलिमीटरची लेन्स आहे. तिच्यामागे ५० मिलिमीटरच्या एक्स्टेंशन ट्यूब लावल्या की १:१ मिळतं, हे सातवीतल्या पोराच्या गणिताने निघतं. त्या ट्यूब तू घेतल्यास. किती दिवस डब्यात पडून आहेत? किट लेन्स उलटी लावायची रिंग घेतलीस, तिचं काय झालं? किड्याच्या फार जवळ जावं लागतं, छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, काम अवघड होतं, सगळं मान्य. अवघड झालं म्हणून सोडलंस, आणि सोडलंस हे म्हणायची लाज वाटते म्हणून नवी लेन्स. नाचता येईना अंगण वाकडं, आणि तू तर अंगणच विकत घ्यायला निघालास.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते, सांगू? "सर, आपल्याकडे किडे आहेतच कुठे? सगळी एमआयडीसी. एकदा आंबोलीला जाऊन येतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आंबोलीला जरूर जा. पण ज्याला भोसरीतला कोळी दिसत नाही त्याला आंबोलीत काय दिसणार? तुझ्या कंपनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर रुई उगवलेली आहे. तिच्याकडे कधी वाकून बघितलंस? पानाखाली पिवळाधमक मावा. माव्यावर लेडीबर्डच्या अळ्या, आणि माव्याचा गोड रस चाखायला आलेल्या मुंग्या. वरच्या पानावर प्लेन टायगर फुलपाखराची पट्टेरी अळी. फुलांवर काळेकुट्ट भोवरे घोंघावत असतात. आणि नशीब असेल तर रंगीत नाकतोडा, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. त्याच्या पिल्लाला चिमटीत धरलंस तर अंगावर पिचकारी मारतं, म्हणून धरू नकोस. एका झुडपावर एवढा संसार आहे. बसच्या खिडकीतून रोज दिसतो. तू मान खाली घालून मोबाइलमध्ये आंबोलीचे बेडूक बघत असतोस.

याच भागात सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा कारखाना उभा केला तेव्हा तिथे उघडा माळ होता. माणसाने कारखान्याबरोबर झाडं लावली, पाणी अडवलं, आणि पाखरं आली. पाखरं कशाच्या जिवावर येतात? किड्यांच्या. तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये किडे नाहीत हे मला ऐकवू नकोस. आहेत, तुला वाकायचा कंटाळा आहे.

कण्हेरीचं सांगतो, कारण तिथे तुझी खरी परीक्षा आहे. पुणे-नाशिक रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर लावलेली आहे. हायवेच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभा राहू नकोस, जिवाला मुकशील. तीच कण्हेर तुझ्या सोसायटीच्या भिंतीलाही आहे. पावसाळ्यात पानं उलटून बघ. कॉमन क्रो नावाच्या तपकिरी फुलपाखराचा कोष पानाखाली उलटा लटकलेला सापडेल, बोटाच्या पेराएवढा. आणि तो चकाकतो. धातूसारखा, सोन्या-चांदीचा. त्यावर कसलाही रंग नसतो. कोषाच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांवरून उजेड परत फिरतो, त्याची ती झळाळी. फुलपाखरू निघून गेलं की कवच निस्तेज.

तू त्याचा फोटो काढला होतास. काय आलं त्यात? मधोमध एक पांढरा जळका ठिपका, बाजूला काळोख, आणि कोषावर तुझ्या टोपीचं प्रतिबिंब. कोष आरसा आहे रे. समोर जे धरशील तेच तो दाखवणार. फ्लॅशच्या तोंडावर टिश्यू पेपर चिकटवलास आणि तुला वाटलं, झाला डिफ्यूझर. उजेडाचं तोंड होतं तेवढंच राहिलं, मग ठिपका कसा जाईल? उजेड मोठा करायला हवा आणि किड्याच्या जवळ आणायला हवा. ट्रेसिंग पेपरचा एक मोठा वाकवलेला पडदा, कोषापासून चार बोटांवर, कोषाला अर्धा वेढा घालणारा, आणि फ्लॅश त्याच्या मागे. तुझ्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये बॉनेटवरचा ओरखडा बघायला ट्यूबलाइटच्या लांबलचक रांगा का लावतात, हे तू नव्या पोरांना शिकवतोस. चकचकीत पत्र्यावर टॉर्च मारून ओरखडा दिसत नाही, हे शिकवतोस. तेच ज्ञान कंपनीच्या गेटवर पंचिंग करून आत ठेवून येतोस का?

शिफ्टचं कारण तर मला सांगूच नकोस. पहिल्या शिफ्टला पहाटे उठतोसच. रात्रपाळी करून सकाळी परततोस तेव्हा काय वेळ असते? मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी इंद्रायणीच्या काठाला गवत दवाने वाकलेलं असतं. किड्यांचं रक्त आपल्यासारखं गरम राहत नाही. ऊन अंगावर येईपर्यंत ते हलू शकत नाहीत. चतुर काडीला चिकटून असतो, पंखांवर दव. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर रात्री काडीला जबड्याने धरून, ओळीने झोपतात आणि सकाळी थोडा वेळ तसेच असतात. वारा पडलेला. ऊन तिरपं. जनावर जागच्या जागी. वीस फोटोंचं स्टॅकिंग करायचं म्हणतोस, ते करायची हीच वेळ. देवाने याहून जास्त काय करायचं? अर्धा तास. बसमधून दोन स्टॉप आधी उतरून अर्धा तास. पण नाही, तेव्हा झोप येते. आणि रविवारी नऊला उठून, पोहे खाऊन, साडेअकराला बागेत जायचं, आणि फुलपाखरू बसत नाही म्हणून फुलपाखराला नावं ठेवायची.

इथवर आळस होता. आळसाला मी रागावेन आणि विसरूनही जाईन. आता जे लिहितोय ते विसरणार नाही.

गुलाबाच्या पाकळीवर बसलेला तो दुसरा कोळी. अंगावर दवाचे थेंब. डोळे स्पष्ट. सगळ्यांनी वाहवा केली. फोटोची माहिती उघडून बघितली. मे महिना, दुपारची वेळ. मे महिन्यात भर दुपारी दव? निगडीत? आणि थेंब असे टपोरे, गोल, न ओघळणारे. ते ग्लिसरीन आहे. आणि पाय पोटाशी घेतलेले. जिवंत कोळी पाकळीवर असा बसत नाही. तू त्याला फ्रीजमध्ये ठेवलं होतंस. कबूल करायची गरज नाही, फोटोच बोलतोय.

का केलंस? वारा नको, वाट बघायला नको, वाकायला नको, म्हणून? आठ पायांचा एक जीव, तुझ्या घरातले डास-माश्या खाणारा, त्याला प्लास्टिकच्या डबीत घालून भाजीशेजारी ठेवलास, लुळा पाडलास, मग गुलाबावर मांडलास. आणि खाली लिहिलंस, "सकाळची भेट". कुणाची भेट? कुठली सकाळ? कंपनीत रिजेक्ट झालेल्या पार्टवर कुणी "ओके"चा शिक्का मारला तर तू त्याला दारात उभा करणार नाहीस. ही तीच चोरी आहे. तिथे गिऱ्हाईक तरी पकडतं. इथे पकडणारं कुणी नाही असं तुला वाटलं.

सगळे असंच करतात, हे म्हणू नकोस. सगळ्यांना मी शिकवलेलं नाही.

अळी असलेलं पान तोडून घरी आणणंही त्यातलंच. उजेड बरा मिळतो म्हणून आणलंस, आणि मग? लिंबाच्या पानावरची अळी मनी प्लँटवर जगते का? लहान असताना ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते, डिवचलं की मानेमागून लालसर दोन शिंगं काढते. हे सगळं बघायचं तर कढीपत्त्याची एक कुंडी बाल्कनीत ठेव आणि तिच्याजवळ रोज जा. अळीला तिच्या झाडावरून उचलायचं नाही. ही विनंती नाही.

आणि सोसायटीच्या कमिटीत तू आहेस ना? पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक करारावर तुझीही सही आहे. माळी आठवड्याला जास्वंदीवर औषध मारतो, धुराचं मशीन फिरतं तेव्हा तू खिडक्या लावून घेतोस, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करतोस, सर, बागेत काहीच नाही. काय राहील? जास्वंदीच्या पानाखाली पांढऱ्या बारीक दोऱ्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान दाणे लटकत होते. तू म्हणालास बुरशी, आणि माळ्याला दाखवलंस. ती क्रायसोपा नावाच्या किड्याची अंडी होती. दोऱ्यावर टांगते ती, मुंग्यांच्या आणि आपल्याच भुकेल्या भावंडांच्या तोंडी लागू नयेत म्हणून. त्यातून निघणारी अळी तुमच्या जास्वंदीवरचा मावा फुकटात खाते. शेतकरी जिला जपतात ती तू औषध मारून धुतलीस. तिचा फोटो काढला असतास तर आधी ती काय आहे हे शोधावं लागलं असतं, आणि शोधलं असतंस तर ती वाचली असती. मला मॅक्रोचा नाद आहे तो यासाठी. स्टेटसला चार अंगठे मिळावेत म्हणून नाही.

शोधण्यावरून आठवलं. तुझ्या फोल्डरमध्ये निम्म्या फोटोंचं नाव "अननोन". १९१६ साली स्थापन झालेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे. तुझ्या घरापासून दुचाकीने किती वेळ लागतो? ज्या कामासाठी लोक मुंबईहून, नागपूरहून येतात ते तुझ्या उंबऱ्याशी आहे, आणि तू रस्त्यावरची पाटीसुद्धा वाचलेली नाहीस. तिथल्या माणसाने नुसत्या अंधुक पाठीवरून भुंग्याची जात सांगायची? भुंग्याच्या शृंगिका बघाव्या लागतात, पायांचे सांधे बघावे लागतात. कित्येक कोळ्यांची जात फोटोवरून ठरतच नाही, सूक्ष्मदर्शकाच्या खाली बघावी लागते. पण कूळ ओळखायला डोळ्यांची मांडणी पुष्कळदा पुरते. आणि नेमके डोळेच तू धूसर आणतोस! वरून एक, बाजूने एक, समोरून एक, आणि ज्या झाडावर होता त्या झाडाचा एक. तारीख, जागा. एवढं केलंस तर तो फोटो उद्या कुणाच्या उपयोगी पडेल. नाहीतर हार्ड डिस्क भरण्याशिवाय त्याचं काही होणार नाही.

फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावात झां आंरी फाब्र १८७९ साली राहायला गेला. आवार कसलं, दगडगोट्यांचं आणि काटेरी गवताचं, पिकाच्या कामाचं नव्हे. १९१५ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. त्या आवारातल्या गांधीलमाश्या, शेणकिडे, कोळी बघत बसला आणि कीटकांवरच्या त्याच्या दहा खंडांतले बहुतेक तिथेच लिहिले. मोशीचा माळ त्या आवाराहून दरिद्री नाही. तुझ्याजवळ कॅमेरा आहे, तो त्याच्याजवळ बराच काळ नव्हता. त्याच्याजवळ बूड टेकून बसायची ताकद होती.

तर आता ऐक. गुलाबावरचा तो फोटो आज काढून टाक, सगळीकडून. कमिटीच्या पुढच्या बैठकीत औषधाचा विषय तू काढायचास, दुसऱ्या कुणी नाही. आणि दर रविवारी कंपनीमागच्या प्लॉटवरची ती एकच रुई. सूर्य उगवायच्या आत तिच्याजवळ बसलेला असशील. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीत. कोण कुठून येतं, कोण कुणाला खातं, कोण पळतं, कोण बसून राहतं, ते वहीत लिही. मग कॅमेरा काढ. महिनाअखेर कार्ड घेऊन माझ्याकडे ये. निवडलेले फोटो नकोत, क्रॉप केलेले नकोत, कार्ड जसंच्या तसं, फसलेल्या फोटोंसकट. वहीही आण. वही नसेल तर कार्ड बघणार नाही.